‘आम्ही दोघं एकदमच गेलो तर बरं’

अनघा_ठाणे

भाऊबीजेला माहेरी सांगलीला गेले होते. बाबा ८४, आई ७९. रात्रीची जेवणं झाल्यावर बाबा सुपारी कातरत म्हणाले, "आता देवानं आम्हा दोघांना एकदमच उचलावं. मागं कुणी राहायला नको." कुणी मनावर घेतलं नाही. म्हातारी माणसं असं बोलतातच, आपणही "काहीतरीच काय" म्हणतो आणि विषय बदलतो. पण या वेळी बाबा पुढे बोलले. "देवानं नाही उचललं तर आपलं आपण ठरवावं माणसानं. आम्ही ठरवलंय."

आई ओट्यापाशी दुसऱ्या दिवशीचं ताक घुसळत होती. ‘आम्ही’ हा शब्द आला तेव्हा रवी थांबली. मग परत सुरू झाली. बाबांनी तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

मला रात्रभर झोप नाही. सकाळी बाबा फिरायला गेल्यावर आईजवळ मेथी निवडायला बसले आणि सरळ विचारलं, "आई, तुझं काय म्हणणं आहे?" ती म्हणाली, "त्यांचं तेच माझं. छप्पन्न वर्षं असंच चाललंय." मी गप्प बसून राहिले. अर्धी जुडी झाली तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला एकदा वाडीला धाकटीकडे महिनाभर राहायचंय. रोज पालखीला जाता येईल. ह्यांना सोडून जाता येत नाही म्हणून राहिलंय. पुढंमागं मी एकटी उरलेच तर तिकडंच जाईन म्हणते. त्यांना सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

म्हणजे एकाने दोघांचं मरण ठरवलं होतं आणि दुसरी मनात नरसोबाच्या वाडीला जायची तयारी करत होती.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचते आहे. नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान द्रीस फान आख्त आणि त्यांची पत्नी, दोघंही ९३ वर्षांचे, ५ फेब्रुवारी २०२४ ला कायदेशीर इच्छामरणाने हातात हात घेऊन गेले. आपल्याकडे २०१८ च्या सुरुवातीला गिरगावातल्या एका निपुत्रिक जोडप्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरण मागितलं होतं. त्यांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. दोन्ही वेळा लोकांनी ‘किती प्रेम’ म्हणून लिहिलं. मीही तेव्हा कुणाचीतरी पोस्ट पुढे पाठवली होती. आज मला त्या ‘किती प्रेम’ची भीती वाटते. म्हणून विचारते, तुमच्या घरात हा विषय निघालाय का? निघाला तेव्हा तुम्ही काय केलंत?

निळीशाई

निघालाय. आजोबा गेल्यावर अकराव्या दिवशी आजी गेली. सगळ्यांनी ‘सोनं झालं’ म्हटलं. पण त्या अकरा दिवसांत तिच्याशी कोण किती बोललं हे मला माहीत आहे. जास्त लिहवत नाही.

विवेक_पुणे

अनघाताई, तुमची घालमेल पोचली, तरी दुसरी बाजू मांडतो, कारण ती मला मनापासून पटते.

आयुष्यभर स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या माणसाला शेवटच्या निर्णयापाशी आल्यावरच आपण लहान मूल का समजतो? हा विचार परदेशातून आलेला नाही. मिनू मसानींनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी मुंबईत संस्था काढली ती १९८१ मध्ये. प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्ये विधान परिषदेत यासंबंधीचं विधेयक मांडलं होतं. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला औषध-अन्न सोडलं, त्यांना कुणी दुबळे म्हटलं नाही. तुमच्या सांगली-कोल्हापूर भागात सल्लेखना, म्हणजे अन्न-पाणी सोडत देह ठेवायचं जैन व्रत, कुणाला नवीन आहे? १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला देह ठेवला तेव्हा दर्शनाला माणसांची रीघ लागली होती.

माझे वडील शेवटचे चार महिने नळ्यांमध्ये होते. त्यांचे हात पलंगाला बांधून ठेवावे लागत, कारण ते नळी उपसायचे. मी रोज ते हात सोडायचो, पुसायचो आणि पुन्हा बांधायचो. तेव्हापासून ‘जीव वाचवला’ या शब्दांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

अनघा_ठाणे

विवेक, तुमच्या वडिलांबद्दल वाचून पुढे वाचवेना, थोडा वेळ थांबले. नळ्यांबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. पण विनोबा एकटे होते, महाराज एकटे होते. त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं. माझा प्रश्न ‘आम्ही’ या शब्दाचा आहे.

उत्रेख्तकर

नेदरलँड्समध्ये १९ वर्षं राहतोय, इथली पद्धत सांगतो. भारतातल्या बातम्यांत नेमकी हीच गाळली जाते.

इथे कायदा १ एप्रिल २००२ पासून आहे. त्यात ‘जोडपं’ असा शब्दच नाही. दोघांनी मागणी केली तर दोन स्वतंत्र अर्ज, दोघांची स्वतंत्र तपासणी, आणि प्रत्येकासाठी त्या माणसाशी संबंध नसलेल्या एका बाहेरच्या डॉक्टरचं मत. प्रत्येकाचं दुखणं असह्य आणि बरं न होणारं आहे का, मागणी त्याची स्वतःची आहे का, हे दोनदा पारखायचं. एक बसतो आणि दुसरा बसत नाही, असंही होतं. मग दुसऱ्याला नकार मिळतो. "हा नसेल तर मला जगायचं नाही" एवढं कारण पुरत नाही.

आकडे सांगतो. २०२० मध्ये अशी १३ जोडपी होती, २०२३ मध्ये ३३. २०२३ मध्ये इच्छामरणाने गेलेल्यांची एकूण संख्या ९,०६८. म्हणजे वाढ आहे, पण इथेही जोडीने जाणं विरळाच. फान आख्तना २०१९ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्यातून ते पुरते सावरले नाहीत. त्यांच्या पत्नीही आजारी होत्या. नुसतं वय झालं म्हणून परवानगी मिळाली असं अजिबात नाही.

गिरगावच्या जोडप्याने इथे अर्ज केला असता तर माझ्या समजुतीप्रमाणे नामंजूर झाला असता. ते आजारी नव्हते. ‘आयुष्य जगून झालं’ एवढ्या कारणावर परवानगी द्यावी का, यावर इथे वर्षानुवर्षं वाद आहे, विधेयकही आलं, पण तो कायदा झालेला नाही.

आणखी एक. फॅमिली डॉक्टर माणसाला एकट्याला भेटतो, जोडीदाराला बाहेर बसवून. तुम्ही मेथी निवडताना जे केलंत तेच इथे डॉक्टर करतो.

गिरगावकर

मी त्याच भागातला. त्या दोघांच्या खाजगी गोष्टींत शिरत नाही, पण त्यांचं म्हणणं काय होतं ते लक्षात घ्या. आम्हाला मूलबाळ नाही, समाजाला आता आमचा उपयोग नाही, आजारी पडून परावलंबी होण्याआधी जाऊ द्या. धडधाकट माणसांचं हे म्हणणं होतं. टीव्हीवाले येऊन गेले आणि मग सगळं थंड झालं.

‘उपयोग नाही’ हे मला लागलं. आमच्या चाळीत पूर्वी म्हाताऱ्या माणसाला उपयोग असा वेगळा शोधावा लागत नसे. गॅलरीत खुर्ची टाकून बसलं की झालं. कुणाची किल्ली ठेवायची, कुणाचं पोर शाळेतून आलं की त्याला पाणी द्यायचं, पोस्टमनला सांगायचं. चाळी पाडून टॉवर झाले, गॅलरी गेली. आता आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद. माझी आई दुपारी लिफ्टचा आवाज ऐकत बसते, कुणाच्या दारापाशी थांबते ते.

अॅड_रेणुका

कायद्याबद्दल गोंधळ दिसतोय म्हणून थोडक्यात.

भारतात डॉक्टरने औषध देऊन मृत्यू घडवून आणणं बेकायदा आहे, एकट्यासाठीही आणि जोडप्यासाठीही. उपचार न चढवणं किंवा काढून घेणं, ही परवानगी आधी अरुणा शानभाग खटल्यात ७ मार्च २०११ ला आली. विसरू नका, त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या, आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना २०१५ पर्यंत सांभाळलं. मग ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरला आणि लिव्हिंग विलला (पुढे आपल्याला सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचा कागद) मान्यता दिली. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, कुणी करतच नव्हतं. २४ जानेवारी २०२३ ला अट सैल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. पुढे वेळ आली की रुग्णालयातलं तीन डॉक्टरांचं मंडळ आणि त्यावर दुसरं मंडळ निर्णय देतं. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं, तिथलं ते पहिलं.

विवेक, तुमच्या वडिलांचे हात बांधायची वेळ टाळता येते ती या कागदामुळे. अनघाताईंचे बाबा म्हणतात ते मात्र यात बसत नाही.

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा व्हावी का, हाही जुना वाद. न्या. पी. बी. सावंत यांनी १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अशी शिक्षा सांगणाऱ्या कलमाविरुद्ध निकाल दिला होता. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि सरकारने त्याला उपचार द्यायचे. गुन्हेगार म्हणून बघायचं नाही.

शुश्रूषा

२२ वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची ९ घरोघर जाऊन पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करायच्या सेवेची. मराठीत परिहार सेवा म्हणतात, घरात मात्र मी ‘दुखणं हलकं करायला आलेय’ एवढंच सांगते.

‘एकदमच जाऊ’ हे वाक्य मी कित्येक घरांत ऐकलंय. बहुतेक वेळा बोलणारा एकच असतो. तो आजारी असतो किंवा आजारी माणसाला सांभाळून सांभाळून संपलेला असतो. दुसरा मान हलवतो. मी दुसऱ्याला चहा करायच्या निमित्ताने आत नेते आणि मग कळतं, ती मान कशाला हलली. "त्यांना एकटं वाटू नये म्हणून हो म्हटलं." हे मला एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता.

बाहेरचं उदाहरण हवं तर लेखक आर्थर कोस्लर. १९८३ मध्ये लंडनला ते आणि पत्नी एकत्र गेले. ते ७७ वर्षांचे, पार्किन्सन आणि रक्ताच्या कर्करोगाने जर्जर. पत्नी ५५ वर्षांची, ठणठणीत. चाळीस वर्षं झाली, तरी मला त्यांच्यापेक्षा तिचाच विचार जास्त येतो. तिला कुणी वेगळं बसवून विचारलं असतं तर?

दुसरं, म्हातारपणातलं नैराश्य ओळखू येत नाही. माणूस रडत नाही. जेवण कमी होतं, पेपर घडी न मोडता तसाच राहतो, ‘कशाला उगाच’ हे शब्द वाढतात. घरचे म्हणतात वय झालं. याला औषध आहे आणि ते म्हातारपणीही लागू पडतं. अनघाताई, बाबांना आधी एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘आम्ही ठरवलंय’ म्हणजे नेमकं काय ठरवलंय, ते स्पष्ट विचारा. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. उलट विचारणारं कुणी भेटलं की माणूस सैल होतो. तोवर घरात दोघांपैकी कुणालाही फार वेळ एकटं ठेवू नका.

आप्पा_मिरज

मी या ठिकाणी वाचतो फक्त, लिहीत नाही. वय ८१. आज लिहितो.

सौ.ला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला ती कधी भाऊ समजते, कधी शाळेतले गुरुजी. रात्री दोनला उठून ‘घरी जायचंय’ म्हणते. मी दाराला आतून कडी घालून किल्ली उशीखाली ठेवतो. मुलगा बाहेरदेशी, रोज फोन करतो, पैसे पाठवतो, त्याच्यात कमी नाही. पण रात्री दोनला फोनचा काय उपयोग.

वर लिहिलंय की बोलणारा एकच असतो. बरोबर आहे. आमच्यात तो मी. तिला विचारायची आता सोयच नाही. मला मरणाची भीती नाही. मी आधी गेलो तर तिचं कोण, ही भीती आहे. मी गेलोय हे तिला सांगितलं तरी ती पुन्हा दर अर्ध्या तासाने विचारेल आणि दर अर्ध्या तासाने तिला ते नव्याने कळेल. हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. त्यापेक्षा दोघंही नको, असं मनात येऊन जातं. हे कुणाजवळ बोललो नव्हतो.

शुश्रूषा

आप्पा, तुम्ही लिहिलंत, खूप बरं केलंत. आता मी विचारते त्याचं आजच उत्तर द्या. मनात येऊन जातं तेवढंच आहे की काही ठरवलंय? ठरवलं असेल, तर आत्ता शेजारच्या कुणालातरी घरात बोलवा आणि १४४१६ ला फोन करा. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलतात. मी तुम्हाला निरोप पाठवलाय, त्यात माझा नंबर आहे. मीही जागी असते.

आप्पा_मिरज

ठरवलं नाही. येऊन जातं. हल्ली जास्त येतं.

निळीशाई

आप्पा, शेवटचे सलग चार तास कधी झोपलात?

आप्पा_मिरज

आठवत नाही. गणपतीत मेहुणी आली होती तेव्हा.

शुश्रूषा

निळीशाईने बरोबर जागी बोट ठेवलं. आप्पा, चार-चार वर्षं झोप नसलेल्या माणसाला हे चित्र दिसणारच. तुमचं प्रेम कमी पडलं किंवा मन कमकुवत झालं, असं काही झालेलं नाही. शरीर थकलंय.

आधी रात्रीसाठी बाई ठेवा, रोज नाही तर आठवड्यातून तीन रात्री. मुलगा पैसे पाठवतो म्हणालात, हा खर्च त्याला स्पष्ट सांगा. मुलांना नेमकं काय करायचं ते कळत नसतं, कळलं की करतात. डॉक्टरांना तिच्या रात्रीच्या उठण्याबद्दल सांगा. कधीकधी लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ असतं, तेवढं बरं केलं तरी रात्र शांत जाते. तुमच्या मागे तिचं कोण पाहणार, पैसे कुठले, औषधं कुठली, हे कागदावर उतरवा आणि मुलगा व मेहुणी दोघांना द्या. तुमच्या डोळ्यांपुढच्या चित्रात त्या खोलीत दुसरं कुणीच नाही. आधी तिथे माणसं उभी करू.

आणि तिने विचारलं ‘हे कुठे गेले’ तर दर वेळी खरं सांगायचं नसतं. ‘बाजारात गेलेत, येतील’ म्हणायचं आणि हात धरून बसायचं. स्मृतिभ्रंशाच्या माणसांना सांभाळणारे आम्ही सगळे हेच करतो. तिला ते पुन्हापुन्हा कळणार नाही, आप्पा.

विवेक_पुणे

आप्पा, मी वर हक्काबद्दल लिहिलं ते मागे घेत नाही, पण तुम्ही लिहिलंत तो हक्काचा प्रश्न नाही हे मला कळतं. माझा मावसभाऊ मिरजेतच असतो. तुम्ही हो म्हणालात तर तो उद्या सकाळी येईल, सौ.जवळ बसेल, तुम्ही झोपा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हीही हेल्पलाइन आहे, तिथे जवळपासच्या सोयींची माहिती मिळते.

आप्पा_मिरज

येऊ दे. नऊनंतर या म्हणावं, तोवर तिची अंघोळ होते.

गिरगावकर

पुण्याजवळ वारज्याला सिपलाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, कर्करोगाच्या रुग्णांना पैसे न घेता ठेवतात. माझ्या चुलत्यांना नेलं होतं. चुलतीला तिथे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" ती ते अजून सांगते. स्मृतिभ्रंशासाठी असं गावोगावी काही का नाही, हा प्रश्न मी आमच्या नगरसेवकाला विचारणार आहे.

अनघा_ठाणे

पंधरा दिवसांनी लिहितेय. आप्पा, विवेक यांच्याकडून कळलं की आता आठवड्यातल्या तीन रात्री बाई येतात. फार बरं वाटलं.

बाबांना मी विचारलं, शुश्रूषा म्हणाल्या तसं, आडपडदा न ठेवता. ते आधी चिडले. मग कळलं की कुठेतरी ऐकलं होतं, दोन भाऊ आईला एकाकडे आणि वडिलांना दुसऱ्याकडे ठेवतात म्हणून. "आमची वाटणी नको" म्हणाले. त्यांच्या ‘एकदमच’मागे ही भीती होती. माझा भाऊ तिथेच होता. तो उठून त्यांच्या पायाशी बसला, त्याला काही बोलताच येईना. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, गोळी सुरू झालीय, तीन आठवडे तरी वाट बघा म्हणालेत.

आई परवा वाडीला गेली. महिनाभर नाही, आठ दिवस. बाबांना खरं कारण सांगितलं, तिने स्वतः. त्यांना वाईट वाटलं, तिने ते वाटू दिलं.

जायच्या आधी दोघांना घेऊन नोटरीकडे गेलो होतो, लिव्हिंग विल करायला. टाइप करणाऱ्या मुलाने बाबांना विचारलं, "काका, दोघांचा मजकूर एकच ठेवू ना, फक्त नावं बदलतो?" बाबा हो म्हणणार होते. आई म्हणाली, "नको. माझं मी वेगळं सांगते, लिहून घे."